शिक्क्यातला ‘तपासून’

आमच्या नाशिक रोडच्या ऑफिसात उज्वलाताईंना सगळे ‘किरकिरी’ म्हणायचे. मीही म्हणायचे, खोटं कशाला बोलू? त्या रोज मनमाडहून गाडीनं येणार, भांडारात बसणार आणि आलेल्या प्रत्येक खोक्यावरचं बारीक अक्षर चष्मा सरसावून वाचणार. नवा प्रिंटर आला की प्रश्न ठरलेला, “यात शिसं, पारा, कॅडमियम मर्यादेत असल्याचं कंपनीनं कुठं लिहिलंय?”

“अहो ताई, तो काय खायचाय का आपल्याला?” मी चिडवायचे.

“खायचा नाही, पण त्याच्याजवळ बसून श्वास घ्यायचाय ना, चंद्रभागाबाई?”

घ्या! यांच्याशी कोण बोलणार?

माल आला की बिलावर शिक्का मारायचा, ‘माल तपासून घेतला’, आणि खाली सही करायची. आजवर तपासलं कुणी होतं? मारा शिक्का, चला जेवायला. दीपक नावाचा पुरवठादार प्रिंटरची काळी भुकटी, म्हणजे टोनर, जुन्याच डब्यांत पुन्हा भरून आणायचा. डब्यांवर ना नाव, ना गाव. स्वस्त पडायचं, म्हणून साहेब खूश होते. उज्वलाताई आल्यापासून मात्र त्याचा प्रत्येक डबा अडायचा.

पाडव्याच्या आदल्या दिवशी आमची सफाईवाली रंगूबाई माझ्या टेबलापाशी आली. “बाई, दारात मोर काढायचाय. असा काळा रंग कुठं मिळत नाय बगा.” दीपकचा एक डबा गळत होता. मी त्यातली भुकटी कागदात बांधून तिला पुडी दिली. द्यायला काय जातंय, म्हटलं.

तिनं ती लुगड्याच्या फडक्यातून चाळली, चिमटीनं पसरली. मोर झकास झाला. पण चाळताना नाकातोंडात गेलेल्या भुकटीनं तिला जो खोकला धरला, तो आठ दिवस हटेना. मोर धुवायला गरम पाणी ओतलं, तर तो फरशीला अजूनच चिकटला. डॉक्टरांनी विचारलं, पावडरीत काय आहे? कुणालाच सांगता येईना. उज्वलाताईंनी दीपकला गाठलं.

“मॅडम, काळी पावडर आहे. अजून काय असणार?” तो हसला.

गोष्ट साहेबांच्या कानावर गेली. त्यांनी उज्वलाताईंना, मला आणि दीपकला केबिनमध्ये बोलावलं. दीपकच्या नव्या मालाचं बिल टेबलावर होतं. साहेब म्हणाले, “रंगूबाईनं ऑफिसचा माल चोरला. सोमवारपासून तिला कामावरून बंद करा. आणि उज्वलाताई, यावर शिक्का मारा.”

 त्यांनी पर्समधून पेन्सिल तासायचं ब्लेड काढलं, शिक्का उलटा धरला आणि रबरातला एक शब्द कोरून काढला. उरलेला शिक्का त्यांनी बिलावर दाणकन मारला. ‘माल घेतला.’

“तपासलेला नाही, साहेब. तुम्ही तपासला असेल तर तुमच्या हातानं लिहा. नाहीतर दीपक, त्यात काय आहे ते कंपनीकडून लेखी आण.”

साहेबांनी पेन उचललं. अन् ठेवलं. दीपक जमिनीकडे बघत होता.

“आणि चोरीचं लिहायचं तर चोरीला काय गेलं तेही लिहा. पुडीत काय होतं?”

 मी खाली मान घालून उभी. रंगूबाई दाराबाहेर खोकत होती. चोर म्हणून तिला घरी बसवणार आणि पुडी बांधणारी मी पगार घेणार? छे! माझ्या अंगाची लाहीलाही झाली, स्वतःच्याच रागानं.

“पुडी मी बांधली,” मी म्हणाले. “तिनं मागितली, मी दिली. बंद करायचं तर मला करा.”

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. दीपकचे डबे परत गेले. रंगूबाई सोमवारी नेहमीसारखी झाडू घेऊन आली. आता टोनर येतो तो सीलबंद आणि सोबत लेखी कागद घेऊन. तो मास्क लावून बदलायचं काम माझ्याकडे दिलंय.

मला मात्र मेमो मिळाला. ‘ऑफिसचा माल परस्पर दिला, खुलासा करा.’ पोच म्हणून सही करायला शिपायानं वही पुढे केली. नेहमी तिथं ‘मिळाला’ लिहितात. मी मेमो अक्षरन् अक्षर वाचला, मग ठळक अक्षरांत लिहिलं, ‘तपासून घेतला’, आणि सही ठोकली.