एक ओळ मागे गाणाऱ्या आंटी

आंटी कायम एक ओळ मागे गायच्या. मरोळच्या आमच्या चर्चमध्ये रविवारच्या मराठी मिस्साला, म्हणजे उपासनेला, सगळे गाणं संपवून खाली बसले, तरी शेवटच्या बाकावरून आंटींचं कडवं चालूच असायचं. आवाज इतका दणदणीत, की फादर हात जोडून थांबून राहायचे. गायनवृंदातली तरुण मंडळी एकमेकांकडे बघून हसायची. हसणाऱ्यांत मीही होतो, हे आधीच सांगून टाकतो.

सांगण्यासारखं दुसरंही आहे, आणि ते जड आहे. माझी बायको नर्स. तिला बहुतेक रविवारी ड्युटी, त्यामुळे चार वर्षांच्या जेनीला मिस्साला नेणं माझ्याकडे होतं. आम्ही तेव्हा मुलुंडला राहायचो. जेनीला गप्प बसता यायचं नाही. प्रवचन चालू असताना ती मोठ्यानं विचारायची, “संपलं का?” माना वळायच्या. एका रविवारी पुढच्या बाकावरचे गृहस्थ म्हणाले, “बाहेर न्या ना तिला.” मी तिला उचलून व्हरांड्यात नेलं आणि थोबाडीत मारली. ती रडली नाही. गालावर हात ठेवून तिनं विचारलं, “येशू रागावला?”

त्यानंतर ती चर्चचं फाटक ओलांडेना. बायकोला मी सांगितलं, “तिला कंटाळा येतो.” नंतर मीही जाणं सोडलं. आतून थोडं बरं वाटलं, त्याची लाज अजून वाटते.

मरोळला घर बदललं आणि बायकोनं हट्ट धरला, म्हणून नाइलाजानं इथं आलो. जेनीनं नेहमीप्रमाणे फाटकाचा गज घट्ट धरला. पायऱ्यांवर आंटी कापडी पिशवी घेऊन दम खात बसल्या होत्या. त्या मरोळ गावठाणातल्या जुन्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या मराठी ख्रिस्ती. त्यांच्या पिशवीत कायम एक डबा आणि डब्यात फुगे, म्हणजे त्यांच्याकडे सणाला तळतात ते मैद्याचे गोळे.

“काय गं, फाटक पडेल म्हणून धरून ठेवलंस काय?” आंटींनी विचारलं.

“मी आवाज करते,” जेनी म्हणाली.

“मी पण करते. चल, बघू कोणाचा मोठा.”

जेनीनं गज सोडला. मी मागोमाग गेलो आणि शेवटच्या बाकाशी वाट अडवून उभा राहिलो. “सरक रे, पोरीला बसू दे. बाक काय तुझ्या बापाचा?” हे आंटींचं ठेवणीतलं वाक्य. फादरांनाही त्या एकदा असंच म्हणाल्या होत्या म्हणतात.

त्या दिवशी जेनीनं दोनदा “संपलं का?” विचारलं. एकही मान वळली नाही. आंटींचं कडवं चालू होतं ना!

तीन-चार रविवारांनी मिस्सानंतर फुगा खाता खाता जेनी त्यांना सहज म्हणाली, “बाबांनी मला चर्चमध्ये मारलं होतं.” मला जमीन दुभंगावी असं झालं. आंटींनी डब्याचं झाकण लावलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“फादरला सांगितलंस?”

“नाही. पापनिवेदनाला जातो, पण हे ओठावर येत नाही.”

“फादरला नंतर सांग. पहिलं हिला सांग.”

त्या पिशवी उचलून चालू लागल्या. मी जेनीसमोर पायरीवर गुडघे टेकले आणि म्हणालो, “बाबा चुकला. येशू रागावला नव्हता. बाबा रागावला होता.” ती विचार करत चावत राहिली. मग तिनं उरलेला अर्धा फुगा माझ्या तोंडात कोंबला. त्या रात्री बायकोलाही सगळं सांगितलं.  माझ्या छातीवरचा दगड उतरला.

मे महिन्यात गावठाणातल्या क्रुसापुढे संध्याकाळी प्रार्थना असते. एकानं सुरुवात करायची, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. आंटींनी बोलावलं म्हणून आम्ही गेलो. सुरुवात त्याच करत होत्या. सूर स्वच्छ आणि ताल असा पक्का, की म्हातारीकोतारी त्यांच्या बोटाकडे बघून उत्तर देत होती. शेजारच्या काकांनी सांगितलं, “वीस वर्षं गायनवृंद हिच्याच हातात होता.”

मी चाट पडलो. प्रार्थना संपल्यावर विचारलं, “आंटी, मग चर्चमध्ये असं का गाता?”

“गप रे,” त्या इकडेतिकडे बघत म्हणाल्या. “पोरांचा आवाज कुठंतरी लपायला नको काय?”

मागच्या वर्षी आंटी गेल्या. त्यांच्या अंत्यविधीच्या मिस्साला आम्ही सगळे एकत्र, अगदी तालात गायलो आणि तालातच थांबलो. त्यानंतरची शांतता ऐकवेना.

जेनी आता अकरा वर्षांची आहे, गायनवृंदात गाते. गेल्या रविवारी शेवटच्या बाकाशी एक तरुण बाई रडणारं बाळ छातीशी धरून, दाराकडे बघत उभी होती. मी सरकलो. “बसा हो,” म्हटलं. गाणं संपून सगळे खाली बसल्यावरही मी शेवटचं कडवं जोरात सुरू ठेवलं. माझा आवाज फाटका आहे. फादर हात जोडून थांबले. समोरून जेनीनं डोळे वटारले, मग तिला उमगलं, आणि तिनंही माझ्याबरोबर ती ओळ पुन्हा उचलली.

बाळ मजेत रडत होतं. एकही मान वळली नाही.