एक्स बरोबर दोन

"दुसरं उत्तर कुठंय गं? मेंढीनं खाल्लं का?"

सरांनी माझा पेपर वर धरला. पुंडलिकनगरातला त्यांचा शिकवणीचा क्लास खदाखदा हसला. मी दहावीला होते. जागा शेवटच्या बाकावर, चपलांजवळ. पहिल्याच आठवड्यात सरांनी मला तिथं हलवलं होतं. कपड्याला मेंढरांचा वास येतो म्हणून. येत असंल. दुष्काळ होता. पडेगावकडच्या आमच्या वस्तीवर आठवड्यानं टँकर यायचा. ते पाणी आधी प्यायला, मग मेंढरांना. अंगाला उरायचंच नाय.

गणित असं होतं. वर्गमुळात एक्स अधिक सात, बरोबर एक्स वजा पाच. दोन्ही बाजूंचा वर्ग करायचा, म्हंजी वर्गमूळ जातं. पुढं उत्तरं दोन निघतात, नऊ आन् दोन. शिकवताना सरांनी फळ्यावर दोन्ही लिहून दिली होती, पोरांनी पेपरात तशीच उतरवली. मी दोन खोडलं. मला शून्य. ह्या परीक्षेत पहिल्या येणाऱ्याला वर्षभर क्लास फुकट होता, आन् माझा नंबर तेवढ्यानंच हुकला. चरायच्या रानात प्लॉट पडलेले, बानं मेंढरं विकायला काढलेली. फुकट नसंल तर माझं शिकणं तिथंच थांबणार होतं.

खोडलं का, ते सांगते. दिवसभर कोकरं जाळीत कोंडलेली असतात. सांजंला कळप आला की त्यांना सोडायचं. भुकेलं कोकरू दिसंल त्या मेंढीला लुचतं. मेंढी हुंगती. आपलं नसंल तर लाथ घालती. मग आम्ही त्याला उचलून त्याच्या आईपाशी नेतो. हे मी चालायला लागल्यापासून केलंय. म्हणून उत्तर निघालं की मी ते पहिल्या ओळीत नेऊन बघायचे. नऊ घातले, दोन्हीकडं चार. दोन घातले, तर डावीकडं तीन, उजवीकडं वजा तीन. दोघांचाही वर्ग नऊच. वर्ग करताना खोटं उत्तर आत शिरलं होतं.

उभी राहून मी सरांना एवढंच सांगितलं. त्यांनी फळ्याकडं बघितलंसुद्धा नाय.

"सात पिढ्या मेंढरं वळली, आन् ही मला गणित शिकवणार."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाला बोलावून घेतलं. बा पायताण बाहेर काढून दारातच उभा राहिला, कुणी बस म्हटलं नाय. सर म्हणाले, पोरीनं सगळ्यांसमोर लिहून द्यावं की माझं चुकलं, सरांचं उत्तर बरोबर. मग फुकटची जागा तिलाच देतो. बानं हात जोडले. तिथं बसलेली पोरं माझ्याच वयाची. त्यांच्यासमोर माझा बा हात जोडून उभा. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"लिही की बाई," बा म्हणाला. "आपलं काय जातंय?"

मी कागद घेतला. गणित लिहिलं, एक्सच्या जागी दोन घातले. शेवटची ओळ, तीन बरोबर वजा तीन. तिच्याखाली लिहिलं, हे खरं असंल तर सरांनी सही करावी.

सरांनी कागद फाडला. मला दप्तर उचलायला लावलं.

बा आन् मी घराकडं निघालो. वस्ती दिसायला लागल्यावर त्यानं विचारलं, "त्ये दोन खरंच खोटं व्हतं?"

"व्हय."

"मग म्या हात कशाला जोडले?"

मला रडू आलं नाय. लई राग आला, आन् तो अजून गेलेला नाय.

पुढं मेंढरं विकली. कॉलेज नाय झालं. आता मी वाळूजला एका कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासते. कधी साहेब येऊन सांगतो, हा माल पास कर. मी माप लावते. नाय बसलं तर बाजूला काढते, साहेबाच्या तोंडावर. कुणाचाही शब्द मी तपासल्याबिगर खरा धरणार नाय. नोकरी गेली तर जाऊ दे. आमच्या घरातलं कुणी आता खोट्यापुढं हात जोडणार नाय.