हरभऱ्याखालची पाणंद

मी डूख धरणारी बाई आहे. झालं गेलं विसरून जा म्हणणाऱ्यांचं काही गेलेलं नसतं, म्हणून त्यांना विसरायला सोपं जातं.

नांदेडला आमचा सायकलवाल्यांचा एक गट आहे. रविवारी निघायला सगळे तयार, पण कुठून जायचं ते ठरवायचा सगळ्यांना कंटाळा. ते काम माझ्या गळ्यात पडलं आणि मला ते आवडतंही. फोनवरच्या नकाशाला थर असतात. नुसता रस्त्यांचा थर लावला तर तो ट्रकांच्या गर्दीत नेऊन घालतो. चढाच्या रेषांचा थर लावला की दम कुठं लागणार ते कळतं. इस्लापूरच्या धबधब्याला जाताना तो लावायचा राहिला, तर सगळ्यांनी मला मनसोक्त शिव्या घातल्या. वरून काढलेल्या फोटोचा थर सगळ्यात खरा वाटतो. पण जे नांगरून टाकलंय ते त्यात कुठून दिसणार?

त्याला जुन्या मोजणीचा थर लागतो. या हिवाळ्यात बिलोलीकडच्या वाटा शोधताना मी तो लावला आणि बोट आपोआप आमच्या गावावर गेलं. तिथं दोन तुटक रेषा, गावापासून थेट आमच्या शेतापर्यंत. अगं बाई, आमची पाणंद! बैलगाडी जाईल एवढी रुंद. वरचा फोटो पुसट करून खाली पाहिलं, तर रेषा बरोबर मालकाच्या हरभऱ्यातून चालल्या होत्या.

मालक म्हणजे आमचा शेजारी, मोठा शेतकरी. गाव त्याला मालक म्हणतं. मी तोंडावर अहो करते, मनात अरेतुरेच. दरवर्षी नांगराचं एकेक तास पाणंदीत घालून त्यानं ती गिळली. मग माझ्या बाबांनाच विचारलं, "आमच्या पिकातून कशाला येऊन राहिलास रे?" तेव्हापासून बाबा ओढ्यातून वळसा घालून शेतात जायचे. ओढ्याला पाणी आलं की गाडी जातच नाही. एका साली कापून ठेवलेल्या सोयाबीनच्या गंजीला शेतातच कोंब फुटले. आई रडली. बाबा मला म्हणाले, "गावात ऱ्हायचंय, माय. आपली बौद्धांची चार घरं." मी नुसते दात खाल्ले. आता बाबांचे गुडघे गेलेत, ओढा उतरणं होत नाही. शेत बटईनं, पिकाच्या वाट्यावर दिलंय. पावसाळ्यापासून त्यांनी स्वतःचं वावर डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

मग काय, रविवारचा रस्ता मी तिथूनच आखला आणि सगळ्यांच्या फोनवर जुना थर पाठवला. गटात कोणाला मालकाचं काही बोलले नाही. बाबांना सांगितलं, "पाणंदीच्या तोंडाशी थांबा, शेतावर जायचंय." ते नको नको म्हणाले. पण आम्ही पोचलो तेव्हा धुतलेला सदरा घालून उभे होते.

शहरातल्या माणसाचा डोळ्यांपेक्षा फोनवर जास्त विश्वास! समोर घाटे धरलेला हरभरा उभा, आणि हे म्हणतायत, "रस्ता इथंच आहे, चला." बाबा काठी टेकत पुढं, मागं आम्ही पंचवीस-तीस जण सायकली हातात धरून, त्यांच्या चालीनं. चाकांखाली हरभरा मोडत होता. खोटं कशाला बोलू, मला तो आवाज गोड लागत होता.

मालक मोटरसायकल दामटत आला. तो तोंड उघडणार, तोच आमच्यातल्या डॉक्टरीणबाईंनी फोन त्याच्यासमोर धरला. "काका, नकाशात इथं रस्ता आहे. मग हरभरा कसा?" बाईंच्या मनात काही नव्हतं. शेजारी एकजण व्हिडिओ काढत होता.

मालकानं एवढी हेल्मेटं पाहिली. यात कोण साहेब, कोण पत्रकार, त्याला काय ठाऊक! "रस्ता हायच की," तो हसत म्हणाला. "कुनी येत-जात न्हाई, म्हनून जरा पेरून घेतलं."

"कुनी येत-जात न्हाई?" बाबा म्हणाले. त्यांचा असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. ते कण्हत खाली बसले आणि रस्त्यातला हरभरा मुळासकट उपटायला लागले. "काड्या गोळा कर, माय. पाव्हन्यांना हुळा खाऊ घालू."

हुळा म्हणजे ओला हरभरा झाडासकट जाळावर भाजायचा आणि गरम घाटे सोलून खायचे. पाणंदीच्या मधोमध जाळ झाला. मंडळी खूश, बोटं काळी, ओठ काळे. मालक उभाच. बाबांनी राखेतून मूठभर घाटे उचलले, फुंकले आणि हात त्याच्यापुढं केला.

"रस्त्यावरचा हाय. सगळ्यांचा. घ्या."

त्याच्या घरातल्या कोणी आमच्या हातचं कधी खाल्लं नव्हतं. नको म्हणावं, तर हरभरा माझा आहे असं सगळ्यांदेखत सांगावं लागणार. व्हिडिओ चालूच होता. मालकानं इकडंतिकडं पाहिलं आणि एक घाटा सोलून तोंडात टाकला.

"भाजलाय ना चांगला?" बाबांनी विचारलं.

"हाव," तो म्हणाला.

घास खाली उतरेपर्यंत मी त्याच्या गळ्याकडं बघत राहिले. बाबा काठीवर भार देऊन उठले. पुढं आमचं शेत दिसत होतं आणि मालक नेमका वाटेत उभा होता.

"सरका," बाबा म्हणाले, आणि तो सरकला.