सतरंजीखालचं गोणपाट

युद्धाच्या दिवसांत मामंजी कोपरगावजवळच्या एका साखर कारखान्यात हेडक्लार्क होते. मी लग्न होऊन नुकतीच त्या घरात आले होते. राहायला मिळालेल्या घराची शहाबादी फरशी घोटून आरशासारखी केलेली होती. बैठकीत आम्ही माझ्या माहेरची, मिरजगावची निळ्या-तांबड्या पट्ट्यांची सतरंजी अंथरली. माहेरी सारवलेल्या जमिनीवर ती वर्षानुवर्षं निमूट पडून असायची. इथे तिला पाय फुटले.

धाकट्या नणंदेला पाहायला पाहुणे आले, त्या दिवशीची गोष्ट. मुलाचे वडील भारदस्त गृहस्थ. मामंजींनी त्यांना सांगितलं, "पोहे आमच्या मुलीनंच केलेत." गृहस्थांनी मान डोलावली, हात धुवायला उठले, पहिलं पाऊल टाकलं आणि बदकन खाली बसले. बसले ते सतरंजीसकट घसरत थेट स्वयंपाकघराच्या दारात आले. आत मी पोह्यांचा दुसरा घाणा परतत होते आणि नणंद रेशमी लुगडं नेसून पाटावर खोबऱ्याचा तुकडा चावत होती.

"पोहे तुम्ही करताय का?" गृहस्थांनी बसल्या बसल्याच विचारलं.

मी पदर सावरून "हो" म्हटलं.

"चांगले झालेत," ते म्हणाले, आणि मामंजींनी हात देऊन त्यांना उठवलं.

पुढच्या रविवारी मुलाला घेऊन येतो, असं सांगून ते गेले. सासूबाई पोह्यांच्या खोटेपणानं कासावीस झाल्या. मामंजी मात्र सतरंजीच्या मागे लागले. कचेरीतून आले की ते खाली काहीतरी घालायचे आणि दारातून पळत येऊन त्यावर बसकण मारायचे. सासूबाई शेजारी उशी धरून उभ्या.

आधी घोंगडी घातली. सतरंजी हलेना, पण वर ठेवलेली कपबशी कलंडू लागली. मग मामंजींनी सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चार कोपऱ्यांना शिवले. कोपरे चिकटून राहिले, मधे उंटाच्या पाठीसारखा फुगवटा आला आणि त्याला अडखळून मामंजी उपडे पडले. शेवटी साखरेचं पोतं उसवून घातलं. त्यानं सतरंजी घट्ट धरली, पण दुपारपर्यंत मुंग्यांनी बैठक ताब्यात घेतली.

"पोतं धुवा ना," नणंद म्हणाली. "आणि चारी बाजूंनी चार बोटं कमी कापा, म्हणजे बाहेर डोकावणार नाही."

तसं केलं. मामंजी तीनदा पळत येऊन बसले. सतरंजी जागची हलली नाही.

रविवारी मुलाच्या वडिलांनी आधी अंगठ्यानं सतरंजी दाबून पाहिली. मग कोपरा उचलला.

"खाली काय घातलंय?"

"गोणपाट. धुतलेलं," मामंजी म्हणाले. मग त्यांना राहवेना. "त्या दिवशी पोह्यांचं मी खोटं बोललो. ही युक्ती मात्र खरोखर मुलीची."

तोवर गप्प असलेला मुलगा वडिलांकडे वळला. "आपल्याकडेही फरशीच आहे. आई दोनदा पडली."

"पोहे काय, ती शिकेल," वडील म्हणाले आणि ऐसपैस मांडी घालून बसले.

माघात लग्न झालं. मांडवात विहीणबाईंनी नव्या सुनेला जवळ बोलावलं. आम्हाला वाटलं, दागिना घालणार. त्यांनी हळूच विचारलं, "आमचा देवघरातला पाट फार डुगडुगतो. त्याला काय करावं गं?"

नणंदेनं माझ्याकडे पाहिलं. पोह्यांसारखं हेही माझ्यावर येऊ नये म्हणून मी घाईघाईनं पंगतीत वाढायला निघून गेले.