लोकेशन चालू करूनच बसा

फवारणीचं विष भिनून माझा भाऊ गेला, त्या दिवशी मोबाईलच्या नकाशाने बुलढाण्याचा रस्ता मोकळा दाखवला होता. प्रत्यक्षात तो खोदलेला होता. दवाखाना गाठेपर्यंत उशीर झाला.

ज्या जीपमधून त्याला नेलं, ती ज्याची, तो आता धाड गावच्या थांब्यावर प्रत्येक प्रवाशाला दारातच अडवतो.

"लोकेशन चालू कर बे, मंग बस."

"काऊन? बॅटरी उतरते ना, भाऊ!"

"उतरू दे. गाडी रखडून राह्यली हे तुह्या फोनबिगर नकाशाले कोन सांगन, तुहा सासरा? उद्या कोनाले दवाखान्यात न्या लागलं, त नकाशानं खरं सांगावं."

लोक हसतात, पण चालू करतात. मला तो कधी सांगत नाही. चढण्याआधी मीच फोन दाखवतो आणि तो मान वळवतो.

भाऊ नाही. तो खोदलेला रस्ता आता नकाशावर लाल दिसतो.