डेलफिनचा उजवा गाल

२ मार्च. अडतीस डॉलर चौसष्ट सेंट. डेलफिन प्रुइटने पावती माझ्या टेबलावर ठेवली आणि विचारलं, "मिस्टर लुशियस, हे टॅक्समध्ये खर्च म्हणून दाखवता येईल का?"

मेकन शहरातल्या आमच्या पोस्टात हिशेब मी बघतो, म्हणून लोक माझ्याकडे काहीही घेऊन येतात. पावती डाग घालवायच्या क्रीमची आणि सनस्क्रीनची होती. नाही म्हणालो.

डेलफिन गाडीतून टपाल वाटते. त्या हिवाळ्यात तिच्या दोन्ही गालांवर मुरुम आले, गेले आणि काळे डाग ठेवून गेले. आमच्या काळ्या कातडीवर मुरुमापेक्षा डागाचाच मुक्काम लांबतो. एरवी तिने मनावर घेतलं नसतं. पण ऑगस्टमध्ये आमच्या चर्चला शंभर वर्षं होणार होती आणि मुख्य गाणं तिने एकटीने म्हणायचं होतं. चर्चमध्ये आता कॅमेरा आहे, आणि भिंतीवरच्या पडद्यावर चेहरा दाराएवढा दिसतो. "डाग गेले तर गाईन," असं तिने गायनवृंदाच्या प्रमुख सिस्टर ओनीडा यांना सांगून टाकलं.

औषधाच्या दुकानातल्या माणसाने तिला विचारलं होतं, काम काय करतेस? दिवसभर गाडी चालवते, ती म्हणाली.

"मग डावा गाल सांभाळ. गाडी चालवणारा डावीकडे बसतो, खिडकीतून ऊन तिकडून लागतं. ऊन लागलं की डाग हटत नाहीत."

सनस्क्रीनची ट्यूब अंगठ्याएवढी, आणि महाग. शिवाय ती लावली की आमचं तोंड पिठात पडल्यासारखं दिसतं. म्हणून डेलफिन ती फक्त डाव्या गालाला लावायची. डागांचं क्रीम मात्र दोन्हीकडे.

मेपर्यंत डावा गाल जवळजवळ साफ झाला. उजवा होता त्याहून काळा.

"फोन उजव्या कानाला लावतेस ना, त्याने होतं," तिची व्हर्डेलआत्या म्हणाली. तिने कान बदलला. मी म्हणालो, उजवीकडे क्रीम कमी लागत असेल, हात बदलून बघ. तिने हात बदलला, उशी बदलली. काही नाही.

जूनमध्ये तिची पोस्टाची गाडी बंद पडली आणि महिनाभर भाड्याची साधी व्हॅन मिळाली. प्रत्येक घरापुढच्या टपालपेटीपाशी उतरावं लागतं म्हणून ती रोज कटकट करायची. पण उजवा गाल उजळायला लागला. आत्या म्हणाली, मी चोळायला दिलेल्या शिया बटरने. सिस्टर ओनीडा म्हणाल्या, प्रार्थनेने. जुलैत गाडी दुरुस्त होऊन आली आणि डाग पुन्हा गडद.

"आत्या, तुझं बटर आटलं का गं?"

"बटर चांगलं आहे. तुझी श्रद्धा पातळ झाली."

त्याच सुमारास एकदा ती पार्सल विसरून निघाली. मी धावत तिला फाटकापाशी गाठलं आणि नेहमीप्रमाणे गाडीच्या उजव्या खिडकीतून पार्सल आत दिलं. ऊन सरळ तिच्या उजव्या गालावर पडलं होतं. मी तिथेच उभा राहिलो.

"काय झालं? भूत बघितलंत?"

"डेलफिन, तू कुठे बसली आहेस?"

"गाडीत."

"कुठल्या बाजूला?"

तिने समोरच्या स्टिअरिंगकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पेट्या रस्त्याच्या उजव्या कडेला असतात, बसल्या जागेवरून टपाल टाकता यावं म्हणून पोस्टाच्या गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे. देशातल्या बाकी गाड्यांचं डावीकडे, त्या भाड्याच्या व्हॅनचंही. ती रोज तिथे बसत होती, मी वर्षानुवर्षं त्याच बाजूने गाडीच्या चाव्या देत होतो, आणि दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"म्हणजे मी इतके महिने सावलीला सनस्क्रीन लावत होते?"

"घरून येतेस ती तुझी स्वतःची गाडी आहे. तिच्यात तू डावीकडे बसतेस. तेवढं उपयोगी पडलं असेल."

"दहा मिनिटांचा रस्ता आहे, मिस्टर लुशियस!" मग ती थांबली. "पण बटरही मी त्या व्हॅनच्या महिन्यातच सुरू केलं होतं. मग उजळलं कशाने?"

मी घड्याळ दाखवलं; टपाल निघायची वेळ झाली होती.

तिने दोन्ही गालांना सनस्क्रीन सुरू केलं, पण ऑगस्ट तोंडावर आला होता. गाणं दुसऱ्या कुणाला द्या, असं सांगायला ती सिस्टर ओनीडांकडे गेली.

"तुझा गाल बरा होईपर्यंत चर्चने नव्याण्णव वर्षांचंच राहायचं का? तालीम सहाला आहे. उशीर करू नकोस."

ती गायली. डावा गाल कॅमेऱ्याकडे ठेवून उभी राहिली होती. दुसऱ्या कडव्याला म्हाताऱ्या मंडळींच्या बाकांकडे वळली, आणि उजवा गाल सगळ्या डागांसकट पडद्यावर आला. ती परत वळली नाही. लक्षात होतं की विसरली, कोण जाणे. तिलाही सांगता येत नाही.

आत्याने मला कोपराने ढोसलं. "बघ, बटरने किती फिकट झालेत."

मला तेवढेच काळे वाटले. थोडे फिकट असतीलही. मी चष्मा पुसत होतो.

नंतर हॉलमध्ये तळलेल्या माशाचं जेवण होतं. गायनवृंदाच्या झग्याला खिसा नसतो, म्हणून तिच्या ताटाचे पैसे मी भरले. ते बारा डॉलर अजून यायचे आहेत.