लिफ्टच्या दारातून परतलेले सुमंतण्णा

हुबळीच्या कमरीपेठेत सुमंत आवळे यांना सगळे सुमंतण्णा म्हणत. गॅसच्या शेगड्या आणि कुकर दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. गळका बर्नर असो की भडकलेली नळी, हा माणूस कधी भ्यायला नाही. त्यांना भीती वाटायची ती आजाऱ्याच्या खोलीची.

ती लहानपणापासूनची. ते आठ वर्षांचे असताना मिरजेच्या सॅनेटोरियममध्ये त्यांचे वडील क्षयानं गेले. आईनं त्यांना दाराबाहेर उभं करून बजावलं होतं, "आत पाऊल टाकलंस तर तुलाही होईल." वडिलांनी आतून दोनदा हाक मारली. मुलगा जागचा हलला नाही.

पुढे हुबळीला येऊन त्यांनी धंदा मांडला, लग्न केलं, चर्चच्या कमिटीवर निवडून आले. पण कुणाला दवाखान्यात भेटायला जायचं असलं की त्यांच्या पत्नी दीपश्री पुढे व्हायच्या आणि अण्णा खाली चहाच्या गाड्यापाशी थांबायचे. दीपश्री हसून म्हणायच्या, "तुम्ही इथं प्रार्थना करा, मी संत्री देऊन येते."

दोन हजार एकवीसच्या मे महिन्यात दीपश्रींनाच कोविड झाला. सहाव्या दिवशी दुपारी, दवाखान्याच्या फाटकापाशी उभ्या असलेल्या अण्णांना एका नर्सनं हाक मारली.

"अंकल, आंटींचा ऑक्सिजन खाली चाललाय," ती कन्नडमध्ये म्हणाली. "डॉक्टरांनी तुम्हाला पाच मिनिटं सोडायला सांगितलंय. हा पीपीई किट घाला आणि तिसऱ्या मजल्यावर या. त्या सारख्या विचारताहेत, आलेत का म्हणून."

अण्णांनी किट चढवला. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली, दार उघडलं. समोर वॉर्डाचा लांबच लांब बोळ होता, यंत्रांचा आवाज होता, कुणीतरी कण्हत होतं. "देवा, ने मला," असं ते पुटपुटले खरे, पण पाऊल उचललं नाही. त्यांच्याच बोटानं तळमजल्याचं बटण दाबलं. खाली काउंटरवरच्या माणसाला ते म्हणाले, "उद्या येतो म्हणून सांगा तिला."

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन आला. दीपश्री गेल्या होत्या.

मुलगी वेदश्री बेंगळुरूहून येईपर्यंत माती देऊन झाली होती. तिनं एकच विचारलं, "बाबा, तुम्हाला तरी भेटू दिलं का हो?"

"नाही गं," अण्णा म्हणाले. "सोडतच नव्हते कुणाला."

त्या दिवसांत खरंच कुणाला सोडत नव्हते, त्यामुळे सगळ्यांना ते पटलं. चर्चमध्ये लोक त्यांचा हात हातात घेऊन हळहळायचे, "केवढा अन्याय झाला तुमच्यावर." अण्णा मान खाली घालायचे. त्यांनी कमिटी सोडली आणि शेवटच्या बाकावर बसू लागले. दोन वर्षं प्रार्थनेत त्यांनी दुसरं काही मागितलं नाही. तो एक दिवस परत दे, एवढंच.

मग गोदूबाईंचं दुखणं आलं. त्यांच्याच गल्लीच्या टोकाला राहून फुलं विकणारी ही विधवा बाई. क्षयाच्या गोळ्या तिनं मधेच सोडल्या आणि रोग उलटला. मुलगा पुण्याला. घरात तान्हं मूल, म्हणून सून भार्गवी ताट उंबऱ्यावर ठेवून मागं सरायची. तिला तरी काय बोलणार?

बुधवारच्या प्रार्थनेला चर्चचे पाळक उमेश म्हणाले, "त्या आपल्या मंडळीतल्या नाहीत, पण शेजारच्या आहेत. दुपारी दोन तास कुणी बसेल का त्यांच्यापाशी?" अण्णांनी नजर फरशीवर लावली.

आकाशवाणी झाली नाही, स्वप्नही पडलं नाही. फक्त गोदूबाई मनातून हलेनात. कुकरची रिंग बसवताना त्याच, घास तोंडात घालताना त्याच. तिसऱ्या दिवशी दुकानातच अण्णा डोळे मिटून म्हणाले, "प्रभू, दुसऱ्या कुणाला पाठव. मी कसला माणूस आहे ते तू बघितलंयस."

बोलता बोलता ते थबकले. त्यानं बघितलंय. आणि तरीही मलाच सांगतोय.

दुसऱ्या दिवशी दुपारी तोंडाला मास्क बांधून ते गोदूबाईंच्या उंबऱ्यापाशी उभे राहिले. पाय तसेच ताठरले. "भीती नाही गेली तर नाही," ते मनाशी म्हणाले, "पण तू सोबत चल." आणि आत गेले.

"लांब बसा हं, अण्णा," गोदूबाई म्हणाल्या.

अण्णांनी खिडकी उघडली, पाणी बदललं, चमच्यानं पेज भरवली. असं सात आठवडे चाललं. रोज उंबऱ्यावर पाय अडायचे आणि रोज तेवढंच मागणं मागून ते आत जायचे.

एका दुपारी गोदूबाई म्हणाल्या, "दीपक्का दर शनिवारी चर्चसाठी शेवंती न्यायच्या माझ्याकडनं. शेवटी भेटलात ना तुम्ही त्यांना?"

"नाही, गोदक्का," अण्णा म्हणाले. "सोडत होते मला. मीच लिफ्टमधून परतलो. घाबरलो."

गोदूबाई हळूच म्हणाल्या, "वाट बघितली असेल हो त्यांनी."

दोन वर्षांत ही गोष्ट कुणी बोललं नव्हतं. अण्णा हमसून हमसून रडले. गोदूबाईंनी आपला काटकुळा हात पलंगाच्या कडेवर आणून ठेवला, आणि अण्णांनी तो धरला.

ऑगस्टमधल्या एका दुपारी तोच हात त्यांच्या हातात थंड होत गेला. अण्णा उठले नाहीत. भार्गवी दारातून पदर तोंडाला लावून बघत होती. एवढंच तर करायचं होतं, अण्णांच्या मनात आलं. हात धरून बसायचं. दीपश्रीसाठीही एवढंच करायचं होतं.

त्याच आठवड्यात त्यांनी वेदश्रीला फोन करून सगळं खरं सांगितलं.

"आई काय विचारत होती?" तिनं विचारलं.

"मी आलोय का, एवढंच."

तिनं फोन ठेवला. नंतर तिचा फोन आला नाही. नाताळलाही ती आली नाही. पाळकांनी अण्णांना आणखी दोन घरी बसायला सांगितलं, तिथं ते गेले. संध्याकाळी रिकाम्या घरी परतले की दीपश्रींच्या खुर्चीकडे बघणं त्यांना जड जायचं. देवानं क्षमा केली यावर त्यांचा विश्वास होता, पण त्या क्षमेनं ती खुर्ची भरत नव्हती.

गुड फ्रायडेला वेदश्री न कळवता आली. उपासना संपल्यावर दोघं दफनभूमीत गेली. तिनं आईच्या नावावरची धूळ ओढणीनं पुसली.

"कुठला बेड होता आईचा? खिडकीजवळचा होता का?"

"माहीत नाही, बाळ. मी तिथवर गेलोच नाही."

वेदश्री खाली बसून खूप रडली. अण्णा तिच्याजवळ उभे होते. खांद्यावर हात ठेवायला ते धजले नाहीत, पण तिथून हललेही नाहीत.

"मी अजून माफ केलेलं नाही, बाबा," ती उठताना म्हणाली.

"माहितीय."

"जेवून मग जाईन."

"बरं," अण्णा म्हणाले, आणि तिच्या मागोमाग फाटकाकडे निघाले.